नारायणगुड्याची हिरवी रजई

नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. तरी कोणी एखादी केस सांगा म्हटलं, की मला आधी एक रजई आठवते.

हैदराबादचा हिवाळा म्हणजे सकाळी अंगात घातलेला स्वेटर दहाच्या सुमारास काढून हातात घ्यायचा. त्या वर्षी मात्र थंडीची लाट आली आणि मुक्कामालाच राहिली. एका दुपारी बर्फासारखा गार पाऊस सुरू झाला, त्यात गारा मिसळल्या आणि आबिड्सचा रस्ता पांढरा झाला. दुकानदार गिऱ्हाइकं सोडून बाहेर आले. जो तो "बर्फ पडा, बर्फ पडा" म्हणत फोटो काढत होता. चौकातल्या वाहतूक पोलिसाने शिट्टी खिशात टाकून गारा वेचल्याचं मी स्वतः पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

जवळच्या कोठी भागात फुटपाथवर झोपणाऱ्यांसाठी लोक जुनी पांघरुणं देऊ लागले. वाटपाचं काम आमच्या ठाण्याकडे आलं आणि मागची खोली गाठोड्यांनी भरली.

त्याच आठवड्यात नारायणगुड्यातलं एक मराठी कुटुंब तक्रार घेऊन आलं. सरकारी नोकरीतला मुलगा, त्याची बायको आणि त्याची आई. आई निवृत्त शिक्षिका. नातीचं लग्न तोंडावर होतं. आजींच्या पाटल्या आणि तोडे नातीला द्यायचे ठरले होते. ते माळ्यावरच्या पेटीतून, डब्यासकट गेले होते.

"आमच्या आयाशिवाय त्या पेटीला कोणी हात लावत नाही," मुलगा म्हणाला. "तिचं नाव टाका, साहेब."

आया म्हणजे आजींची देखभाल करणारी बाई. नातीच्या जन्मापासून ती त्याच घरात राहत होती. मी अर्ज घेतला, डायरीत नोंद केली आणि चौकशीसाठी त्यांच्याबरोबर घरी निघणार, तोच ती स्वतः ठाण्यात आली. अंगावर शाल नव्हती. दात वाजत होते.

"मेरा नाम लिखाए ना, साब? लिखो. पन साफ होने तक मैं इदरिच बैठती."

"अम्मा, घर जाव. हम उदरिच आके पूछते."

"कौनसे घर? चोर बोले वो घर? एक बार पुलिस में नाम आया तो मेरेकू दूसरा कौन रखता?"

महिला कॉन्स्टेबलने तिला बाहेरच्या बाकावर बसवलं, चहा दिला, पांघरूण दिलं. तिथेच मी तिला डब्याबद्दल विचारलं. पेटी ती वर्षातून एकदा उघडत असे, डबा तिने कधी पाहिला नव्हता. फिरवून विचारलं तरी उत्तर तेच. खोटं बोलणारा माणूस दर खेपेला तपशील वाढवत जातो, हा माझा अनुभव. या बाईने एक शब्द वाढवला नाही.

दरम्यान हवालदाराला मी त्यांच्या इमारतीच्या वॉचमनकडे पाठवलं होतं. त्याचा फोन आला. त्या घरातून मोठं गाठोडं बाहेर गेलं होतं, पण ते आयाने नेलं नव्हतं. "बेबी खुद कार में डालके ले गई," असं वॉचमन सांगत होता. बेबी म्हणजे नवरी.

आत माझ्या टेबलासमोर बसलेल्या कुटुंबाला मी विचारलं. सून म्हणाली, "अहो, ती जुनी पांघरुणं. वाटपाला दिली तिने."

आजींचा चेहरा उतरला. मी बाकीच्यांना शेजारच्या खोलीत थांबायला सांगितलं.

"बाई, डबा पितळी होता की स्टीलचा?"

"स्टीलचा."

"झाकण घट्ट होतं की सैल?"

आजींनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "डबा नव्हताच."

"मग?"

"रजईत होते. आत शिवून टाकले होते मी. मुलगा म्हणायचा लॉकरमध्ये ठेव, लॉकरमध्ये ठेव. आपल्या हैदराबादेत रजई कोण काढतं, तुम्हीच सांगा. चोरसुद्धा हात लावायचा नाही. काल पेटी उघडली तर रजईच नाही. आता या वयात मुलाला काय सांगू? डबा गेला म्हटलं."

त्यांच्या तर्कात खोट नव्हती. हवामान चुकलं होतं.

नवरी माधापूरला आयटी कंपनीत होती. तिला फोन लावला.

"आजीची रजई? हो सर, ती हिरवी. कोणी वापरतच नव्हतं, म्हणून दिली."

"कुठे दिली?"

"तुमच्याच स्टेशनला. तिथल्या मॅडमनी माझ्यासोबत सेल्फीपण घेतला."

मागची खोली आम्ही सगळी उपसली. हिरवी रजई नव्हती. काही गाठोडी आदल्या संध्याकाळीच कोठीला वाटली गेली होती. आता कोठीचा फुटपाथ धुंडाळायचा, या विचाराने मी बाहेर आलो. बाकावर आया गळ्यापर्यंत हिरव्या रजईत गुरफटून चहा पीत होती.

"ये रजाई किसकी?" मी विचारलं.

"अम्मा की. हर साल धूप में मैंच डालती."

"फिर बोले कायकू नहीं?"

"आप पूछेच नहीं. मैं समझी, जांच के वास्ते आपिच उठाके लाए."

समोरच्या दुकानातून दोन पंच बोलावले. रजई टेबलावर पसरली. आयाने हात फिरवून नेमका कोपरा दाखवला. "ये गांठ. मैं समझी रुई जम गई." मग ती शिवणीवर वाकली. "ये टांके आपके, अम्मा? इत्ते साल बच्चों कू सीधी लकीर सिखाए, और खुद का टांका सांप सरीका."

पहिल्यांदा आजी हसल्या. मग मुलगा, सून, पंच आणि शेवटी पंचनामा लिहिणारा हवालदार. पाटल्या निघाल्या, तोडे निघाले. कुटुंब उठलं. आया जागची हलली नाही.

"अर्ज मागे घेतो, झालं," मुलगा म्हणाला.

"तुम नक्को, बाबा. अम्मा के झूट से मेरा नाम चढ़ा, अम्माच काटते."

आजींनी पेन घेतलं. आपण खोटं सांगितलं, या बाईचा काही दोष नाही, असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि उभं राहून वर्गात वाचावं तसं वाचलं. आया म्हणाली, "मराठी मेरेकू आधी-अधूरीच समझती." तेव्हा आजींनी तेच पुन्हा हिंदीत, आणखी मोठ्याने सांगितलं. पासपोर्टच्या पडताळणीला आलेले लोकही ऐकत होते. मग आया उठली. रजईची घडी घालून तिने कॉन्स्टेबलच्या हातात दिली. "दी हुई चीज है. कोठी कू भेजो."

काय गेलं, हे तक्रारदार लगेच सांगतो. त्याला काय सांगायची लाज वाटते, ते आधी शोधावं, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे ठाण्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या उपनिरीक्षकाला मी हेच सांगत आलो. माणसं गुन्ह्यापेक्षा लाज जास्त जपून लपवतात.

लग्नाला मला आग्रहाचं बोलावणं होतं. नवरीच्या हातात तोडे होते आणि पाहुण्यांची ऊठबस आयाकडे होती. तिने मला हाताला धरून पुढच्या रांगेत नेलं आणि वरपक्षाला ओळख करून दिली.

"ये साब. हमारे थाने में काम करते."