बशीकाकांचा अख्खा कप

लोह्याच्या बसस्थानकासमोरच्या हॉटेलात बशीकाकांनी कधी कुणाला अख्खा कप चहा पाजला नाही. समोर माणूस बसला की ते कपातला थोडा चहा बशीत ओतत, बशी त्याच्यापुढे सरकवत आणि कप स्वतःकडे ओढत. नवख्याला वाटे, म्हातारा भलताच चिक्कू आहे. जुन्यांना ठाऊक असे की काका गाड्यांच्या विम्याचे एजंट आहेत आणि आता शिकवणी सुरू होणार आहे.

“सगळा चहा म्हंजे दुरुस्तीचा खर्च. बशीतला तुमचा, कपातला कंपनीचा. खर्चच बशीएवढा झाला तर कंपनीला हाक मारू नका.” हे समोरच्याने स्वतःच्या तोंडाने परत सांगितल्याशिवाय काका अर्जावर सही घेत नसत. बशीचं नावही न काढणारे एजंट भराभर पॉलिसी विकत. काकांची शिकवणी काही थांबली नाही.

आम्ही जुनी गाडी घेतली तेव्हा शहाणपणा मीच केला. लहान बशी सगळ्यांनाच असते. ती मर्जीने मोठी करून घेतली की विम्याचा हप्ता कमी बसतो, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं.

“सर, गाडी कोण चालवणार?” काकांनी विचारलं.

“मुख्यतः माझी बायको, सुमन. मुखेडच्या शाळेत शिकवते. गाडी आत्ताच शिकलीय.”

“मग बशी लहानच ठिवा की.”

मी ऐकलं नाही. दोनच महिन्यांत मुखेडच्या आठवडी बाजारात गाडी मागे घेताना सुमनने ती पोत्यांनी भरलेल्या बैलगाडीवर आदळली. खर्च आमच्या मोठ्या बशीत नेमका मावला, म्हणजे सगळा आमच्याच अंगावर आला. माझा चेहरा तिने वाचला. किल्ली खुंटीला लावून ती पुन्हा एसटीने शाळेत जाऊ लागली. मला स्वतःची लाज वाटत होती.

एका रविवारी काका घरी आले. चहा आल्याबरोबर बशी भरून माझ्यापुढे ठेवली.

“ही मोठी कुणी केली?”

“मी.”

“मग ताईनं का तोंड पाडायचं? गाडी चालवली की धक्का लागतोच. प्या गुमान.”

मी प्यायलो. सुमनला कितीतरी दिवसांनी हसू आलं. तेवढ्यात काका म्हणाले, “ताई, मी लातूरला पोराकडं राह्यला चाललो. त्यो गाडी घिऊन येतो म्हणला, मी नगं म्हणलं. तुमीच सोडा मला.”

तिने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी किल्ली काढली. काका तिच्या शेजारी, मी मागे, बोचक्यांच्या गर्दीत. घाटाबिटाचा रस्ता नाही, तरी पहिले काही किलोमीटर मीच एक बोचकं घट्ट धरून बसलो होतो. काका मात्र खुशाल घोरत होते.

अहमदपूरला चहाला थांबलो. काका पोऱ्याऐवजी थेट मालकालाच म्हणाले, “ताईला अख्खा कप. बशी आणू नका.”

“मला बशी का नाही, काका?”

“तुमची मुखेडच्या बाजारातच पिऊन झाली,” काका म्हणाले. “आता आरामात चालवा.”