काम नाकारायला गेलो आणि विडा खाऊन आलो

मंडळी, मी शोभेची दारू बनवतो. आज सकाळी एका सरदारांच्या वाड्यावर काम नाकारायला गेलो होतो. मुलीच्या वरातीपुढे बाण हवेत, नळे हवेत, आणि देणार किती, तर त्यात गंधकसुद्धा येणार नाही.

कारभारी म्हणाले, "अहो, वरातीला खुद्द पेशवे येणार. केवढं नाव होईल तुमचं."

"गंधकवाला नावावर माल देत नाही," मी म्हटलं. आणि मग, एवढ्यावर उठायचं सोडून, त्यांना खर्च समजावत बसलो. समोर तबकात विडा होता. बोलण्याच्या भरात तो उचलला आणि तोंडात टाकला.

कारभारी लगेच उठले. "विडा उचललात, म्हणजे काम घेतलंत. ठरलं तर मग."

तोंड भरलेलं. बोलणार काय?

घरी आलो. रंगलेले ओठ बघून बायको एवढंच म्हणाली, "घेतलंत ना?"

इतकी वर्षं त्या वाड्यावर जातोय. आजवर कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आजच विडा कसा काय आला, हे तिथेच कळायला नको होतं का मला? तुम्हाला कळलं असतं?