बांगडी घातलेली अळंबी

हाताला काम नसलं की माझं डोकं फिरतं. पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये नऊ वर्षं काढून मी मस्कतला आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसावर मला नोकरी करता येत नाही. सकाळी मुलीची स्कूलबस वादी कबीरच्या चढावरून दिसेनाशी झाली की दुपारपर्यंत मी या खोलीतून त्या खोलीत. शेवटी घरात अळंबी लावायचं डोक्यात घेतलं. नवऱ्याच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरने बरका गावातल्या शेतावरून गव्हाचं काड आणि धिंगरी अळंबीचं बी आणून दिलं. काड उकळून, निथळून, बियांचे थर देत मी बारा पिशव्या भरल्या. अकरा जास्तीच्या बाथरूममध्ये टांगल्या. बारावीला हुक उरला नाही म्हणून ती बेडरूमच्या कपाटात ठेवली.

त्याच सुमारास आई आली, संगमेश्वरजवळच्या आमच्या गावाहून, तीन महिन्यांसाठी. पिशव्या बघून हसली. "अळंबी कोण लावतं गो? ती आपली आपण येते," म्हणाली.

पिशव्यांत अळंबीचं पांढरं जाळं धरू लागलं आणि माझा जीव तिथेच अडकला. दिवसातून दहा वेळा मी बाथरूमचं दार उघडायची. कधी पिशवीचं तोंड सोडून वास घ्यायची. लॅबमध्ये एखाद्या शिकाऊ मुलीने असं केलं असतं तर मी तिला फाडून खाल्लं असतं. दहाव्या दिवशी एका पिशवीत कोपऱ्याला हिरवा डाग दिसला. बुरशी. अशी पिशवी न उघडता, तशीच दुसऱ्या पिशवीत गुंडाळून घराबाहेर काढायची असते. मी मोठी पिशवी आणायला खाली दुकानात गेले आणि तिथे रांगेत अडकले.

परत येते तो आई बाथरूममध्ये स्टुलावर उभी. हातात हळद-मिठाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं. लोणच्याच्या बरणीवर आलेली बुरशी ती जन्मभर अशीच काढत आली होती. वरचं पुसायचं, खालचं खायचं. हिरवा डाग तिने पुसला होता आणि मग त्याच फडक्याने बाकीच्या दहा पिशव्याही एकेक करून, तोंडं उघडून, आतून स्वच्छ केल्या होत्या. केवढी खुश होती.

माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एक वाक्य आठवतं. "तुला काही कळत नाही, निदान हात तरी लावू नकोस." आई स्टुलावरून उतरली, फडकं धुतलं, वाळत घातलं आणि आत जाऊन बसली. आठवड्याभरात अकराच्या अकरा पिशव्या हिरव्या झाल्या. आईचं तर ते निमित्तच झालं असेल. काड मी घाईत पुरतं उकळलं नव्हतं, पिशव्या मीच सारख्या उघडत होते. हे मला त्याच दिवशी माहीत होतं. तिला सांगितलं मात्र नाही.

त्यानंतर आई माझ्याशी जपून बोलायला लागली. भाजीत मीठ किती घालू, हेसुद्धा विचारायची. मला ते सहन होत नव्हतं आणि माफी मागणंही जमत नव्हतं.

मग एका सकाळी ती फिरून आली ती पदर सांभाळत. आमच्या रस्त्याच्या टोकाला गवताचा एक तुकडा आहे, त्याला रोज पाइपने पाणी देतात. तिथून आठ-दहा अळंबी आणली होती. पांढरी छत्री, मधोमध तपकिरी खवले, चांगली तळहाताएवढी. ओट्यावर मांडून माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुझी गेली ना? ही घे. आमचं रोवणंच हाय हे. मुळाशी वाळवी होती, मी डोळ्यांनी बघितली."

रोवणं मीही लहानपणी खाल्लंय. वारुळावर येतं, देठ खाली जमिनीत लांब मुळासारखा जातो. या अळंबीचा देठ खाली गोल होता आणि वर त्याला बांगडीसारखं कडं.

"आई, आपल्या रोवण्याला बांगडी नसते."

"मस्कतला येऊन नटली असंल," ती म्हणाली आणि किती दिवसांनी हसली. "आणि किडे लागलेत बघ. विषारी असती तर किड्यांनी खाल्ली असती काय? लसूण घालून शिजवू. काळा पडला तर टाकू."

किड्यांचं पोट वेगळं आणि लसणाला विषातलं काही कळत नाही, हे माझ्या ओठांवर आलं. पण पुन्हा तिला अक्कल शिकवायची हिंमत झाली नाही. म्हटलं, "आई, संध्याकाळपर्यंत थांबू या. मला एक बघायचंय." एका छत्रीचा देठ कापला, आतल्या पातळ पात्यांची बाजू खाली करून ती पांढऱ्या कागदावर ठेवली आणि वर वाडगं पालथं घातलं. काही तासांनी बीजाणूंची भुकटी कागदावर पडते, तिच्या रंगावरून काही अंदाज येतो. नुसत्या रंगावरून अळंबी खायची ठरवता येत नाही, पण नाकारता नक्की येते. आईने वाडग्याकडे पाहिलं. "कागदाला इचारणार, मला नाय," एवढंच म्हणाली.

दुपारपर्यंत मी वाडग्याभोवती घिरट्या घालत होते. अकराच्या सुमारास दही आणायला म्हणून बाहेर पडले, उगाचच लांबच्या दुकानात गेले, अर्ध्या तासाने परतले. दोनला आईला उलटी झाली. ऊन बाधलं, म्हणाली. पुन्हा झाली, मग जुलाब. तिसऱ्यांदा तिला भिंत धरून उभं राहावं लागलं तेव्हा मला ओट्यावरचा कागद आठवला. मी ओट्याकडे धावले आणि वाडगं उचललं. कागदावर मळकट हिरवं वर्तुळ उमटलं होतं. रोवण्याची भुकटी फिकट गुलाबी असते, हिरवी पडते ती विषारी.

"आई, तू खाल्लंस?"

"दोनच. भाजून." ती जमिनीवर बसली होती, कपाळावर घाम. "पोरीच्या ताटात वाढायच्या आधी मोठ्या माणसानं खायचं असतं. तू लहान होतीस तेव्हा तुझी आजी खायची. आम्ही बसून राहायचो."

नवरा कामावरच्या गॅरेजमधून तसाच ऑइलच्या हातांनी आला. मी उरलेली अळंबी कागदात गुंडाळून घेतली, ते हिरवं वर्तुळही घेतलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आधी तेच पाहिलं. सलाइन लागलं. ओमानी नर्स आईचा हात चोळत "खलास, मामा, खलास" म्हणत होती, म्हणजे 'झालं, आई, झालं', आणि आई तिला "व्हय गो, व्हय" म्हणत होती.

डॉक्टरांनी बाहेर बोलावून हिंदीत समजावलं. "ये वाला जल्दी उलटी कराता है, अम्मा बच जाएँगी. पर कुछ मशरूम पूरा दिन कुछ नहीं दिखाते, और तब तक लिवर जा चुका होता है. खाकर देखना कोई टेस्ट नहीं है." माझी आजी दर पावसाळ्यात आमच्यासाठी तासभर वाट बघत बसायची, त्याला काहीच अर्थ नव्हता तर. मी तिथेच रडले.

आत गेले तेव्हा आई जागी होती. मी सांगितलं की काड मीच नीट उकळलं नव्हतं, पिशव्या मीच सारख्या उघडत होते. तिने ऐकून घेतलं. "मग माझ्यावर कशाला वराडलीस?" एवढंच विचारलं.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली. कपाटातली बारावी पिशवी मी विसरूनच गेले होते. तिला ना माझा हात लागला होता ना आईचा, आणि ती दुधासारखी पांढरी झाली होती. मी पिशवीला छेद दिले आणि आणखी काही दिवसांनी त्यांतून धिंगरीचे घोस आले. लसूण-खोबरं घालून आईनेच शिजवले. वाढून झाल्यावर सवयीने तिचा हात आधी ताटाकडे गेला.

ही बी पेरून काढलेली धिंगरी होती, तिची परीक्षा घ्यायची काही गरज नव्हती. तरी मी आईचा हात धरला आणि पहिला घास मी खाल्ला.

आई ताट पुढ्यात ठेवून बसून राहिली. भाजी गार झाली तरी माझ्या तोंडाकडे बघत होती. दर थोड्या वेळाने विचारायची, "बाय, पोटात दुखत नाय ना गो?"