कपाट चावतं

पंचक्रोशीतल्या नऊ शाळांत टॅब आले, तेव्हा बाकीच्या शिक्षकांनी कपाळाला हात लावला. एकटे आमचे गुरुजी हरखून गेले. निवृत्तीला जेमतेम दोन वर्षं उरलेला माणूस, आणि या वयात हे काय खूळ, म्हणून लोक हसले. पण सहा महिन्यांत हसणाऱ्यांचे दात घशात गेले. गुरुजींच्या वर्गात पहिली ते चौथी एकत्र बसायची. त्यातली मोठी पोरं टॅबवर उत्तरं लिहायची, ती गुरुजींच्या टेबलावरच्या पडद्यावर एकाखाली एक उमटायची, आणि गुरुजी एकेकाला नाव घेऊन शाबासकी द्यायचे. इतर शाळांचे शिक्षक हे बघायला यायचे. शिक्षण कार्यालयातल्या साहेबांनी तर सगळ्यांना शिकवायचं कामच त्यांच्या गळ्यात घातलं. तेव्हापासून त्यांना 'टॅबवाले गुरुजी' हे नाव पडलं.

आता खरं काय ते सांगून टाकतो. गुरुजींना पोरांचं बोलणं ऐकूच येत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी सुरुवात झाली. आधी सायकलची घंटी गेली, मग दारावरची बेल, मग पहिलीतल्या पोरांचे चिमणे आवाज. मोठ्या माणसांचं भागायचं, कारण समोर उभं राहून बोलणाऱ्याचे ओठ वाचायला ते शिकले होते. टॅबवर लिहिणारी पोरंही सांभाळली जायची. राहता राहिली ती लिहिता न येणारी. अहो, पहिलीतलं पोर बोलतं ते मान खाली घालून, बोट तोंडात घालून. तिथे ओठ कुठले दिसायला! त्यावर गुरुजींनी एक युक्ती काढली होती. असं पोर जवळ येऊन काही बोललं की मान डोलवायची आणि म्हणायचं, "शाब्बास! जा, बस." दहांतल्या नऊ वेळा वेळ निभावून जायची.

हे ठाऊक होतं फक्त त्यांच्या बायकोला. "यंत्रांचं एवढं वेड तुम्हाला," ती समोर उभी राहून ओरडायची, "मग कानातलं यंत्र तेवढं का नको?"

"वर्ग काढून घेतील माझा. कार्यालयात फायली चाळत बसवतील. दोन वर्षं ढकलू दे गं." ती हात जोडायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची.

वर्गाच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं. त्यात टॅब ठेवायचे आणि रात्रभर चार्ज करायचे. सकाळी ते काढून वाटायचं काम मोठ्या हौसेनं करायची पिटुकली. पहिलीतली, सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांच्या आधी शाळेत हजर! एका सोमवारी ती बोटं चोळत टेबलाशी आली आणि काहीतरी बोलली. "शाब्बास! जा, बस." मंगळवारी परत आली. "शाब्बास!" बुधवारी तिनं त्यांची बाहीच ओढली आणि कपाटाकडे हात केला. सगळे टॅब वाटून झाले असं सांगतेय, असं गुरुजींना वाटलं. त्यांनी तिच्या गालावर थोपटलं आणि पडद्याकडे वळले.

गुरुवारी कपाटानं तिला धरलं. हात कडीला चिकटला, सुटेना. अर्ध्या वर्गाच्या हातात टॅब होते, ती पोरं किंचाळत बाहेर पळाली. गुरुजींनी मान वर केली ती किंकाळ्या ऐकून नव्हे, तर पडद्यावर उत्तरं यायची थांबली म्हणून. मग मात्र धावले आणि मेन स्विच पाडला. पोर वाचली. तळहात भाजला होता, आठ दिवस दवाखान्यात काढले.

कपाटामागची वायर उंदरानं कुरतडली होती, असं वायरमननं दाखवलं. गुरुजींचं प्रसंगावधान म्हणून साहेबांनी तोंडभर कौतुक केलं. पोर काय बोलली ते गुरुजींना माहीत नव्हतं, पण तिची ती चोळलेली बोटं डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्यांनी बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आता तरी?"

दहाव्या दिवशी पिटुकलीची आई तिला घेऊन शाळेत आली. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तिथेच होत्या आणि साहेबही आले होते.

"गुरुजी, तुमचे उपकार कसे फेडायचे आम्ही!" आई म्हणाली. "आणि या कार्टीचं ऐका. घरभर सांगत सुटलीय, कपाट चावतं म्हणून मी तीनदा सांगितलं, तर गुरुजी म्हणाले शाब्बास. ज्यांनी जीव वाचवला त्यांच्यावरच आळ! चांगले दोन धपाटे घातले मी. चल गं, माफी माग गुरुजींची."

गुरुजींनी एकेक शब्द आईच्या ओठांवर वाचला.

पिटुकली पुढे आली. पट्टी बांधलेला हात पोटाशी धरलेला, मान खाली. ती काहीतरी पुटपुटली. सगळे गुरुजींकडे बघत राहिले. गुरुजींची मान सवयीनं डोलायला लागली होती, शब्दही जिभेवर आला होता. त्यांनी तो गिळला.

"काय म्हणाली ती?"

"माफी मागितली की!" साहेब हसले.

"मला ऐकू आलं नाही," गुरुजी म्हणाले. "आत्ता नाही, आणि त्या तीन दिवसांतही नाही. तीन वर्षं झाली, पोरांचं काहीच ऐकू येत नाही मला. तिनं सांगितलं असणारच. खोटा मी आहे, ती नाही."

मोठ्या बाई आणि साहेब दोघंही एकदम बोलायला लागले, त्यामुळे गुरुजींना अक्षरही कळलं नाही. वर्ग गेला एवढं मात्र कळलं. ते गुडघ्यांवर बसले.

"चुकलं गं बाळा माझं."

पिटुकलीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं आईचा हात हलवला आणि तोंड वर केलं. त्यामुळे तिचे ओठ गुरुजींना पहिल्यांदाच स्वच्छ दिसले.

"बघ, सांगितलं होतं ना मी?" ती आईला म्हणत होती. "उगाच मारलंस."