गोळीचा भाव काढणारी माणसं

गोळ्यांना एक्सपायरी असते, किस्स्यांना नसते! यवतमाळच्या बसस्टँडजवळच्या मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट आहे. दिवसभरात जेवढी औषधं विकते, त्याहून जास्त गोष्टी घरी घेऊन जाते. येणारा प्रत्येक माणूस आधी एकच विचारतो, "मॅडम, यातलं स्वस्तवालं?"

*

बोरी अरब गावचे एक काका. कापूस विकताना चार ठिकाणी भाव काढायची सवय, तशीच गोळीसाठीही तीन दुकानं फिरले. दुसरीकडून घेतलेली स्ट्रिप काउंटरवर आपटून म्हणाले, "ही चाळीसची. तुमची पन्नासची. कायले घेऊ?"

मी दोन्ही स्ट्रिपा शेजारी ठेवल्या. "काका, त्यांच्यात दहा गोळ्या, आमच्यात पंधरा!"

काकांनी बोटानं दोन्हीतल्या गोळ्या मोजल्या. "अवं बाप्पा! मी तं कापूस सोडून गाठोडेच मोजून राह्यलतो!"

*

आमचे मालक, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. एकदा तोंडाला रुमाल बांधून समोरच्या मेडिकलवर गेले. गुपचूप भाव काढायला! पाच मिनिटांत हात हलवत परत.

"पोरगी होती काउंटरवर, तिले काही माहीत नाही. मालक दुकानात नाही म्हणते."

"कसे असतील?" मी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "ते इथं बसलेत!"

खुर्चीवरच्या माणसानंही रुमालच बांधला होता!

*

शेवंताबाई अंगणवाडीतल्या. एक दिवस काउंटरला धरूनच उभ्या. "मॅडम, लय चक्कर येऊन राह्यली."

मी त्यांची पिशवी उलटी केली. बीपीच्या दोन स्ट्रिपा! एक डॉक्टरांनी लिहिलेली, दुसरी स्वस्तातली. नावं वेगळी, आतलं औषध एकच. बाई दोन्ही खात होत्या!

भाऊंनी तडक ऑटो बोलावला, डॉक्टरांकडे नेलं. बीपी खाली गेलं होतं, पण वेळेत सावरलं.

चार दिवसांनी आल्या तेव्हा मी विचारलं, "नातवाचं घरचं नाव काय?"

"गोलू."

"आणि शाळेतलं?"

"हर्षवर्धन."

"मग नातू किती?"

"एकच की वं!" आणि एकदम कपाळाला हात लावला. "माय वं! म्हंजे मी एकाच पोराले रोज दोन डबे देऊन राह्यलती!"

*

रामटेके सर म्हणजे निवृत्त मास्तर. बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, शुगरच्या गोळीचा भाव अख्ख्या यवतमाळात फिरून काढणार. एका दुपारी स्कूटर आडवी लावली आणि स्ट्रिप नाचवतच आत आले.

"मॅडम, जिंकलो! अर्ध्या भावात भेटली! तेच नाव!"

मी स्ट्रिप उलटी करून वाचली. नाव जवळजवळ तेच. शेवटची दोन अक्षरं वेगळी, आणि औषध भलतंच!

"सर, काकूंना दिली?"

"सकाळीच देली. पाण्याचा गिलासही मीच देला."

"सर, ही गोळीच दुसरी आहे!" सरांनी खिशातला फोन माझ्यापुढे केला. मी घरी लावला, स्पीकरवर टाकला. रिंग वाजतेय, कुणी उचलत नाही. परत लावला. नाही! भाऊंनी गाडीची किल्ली घेतली. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा आवाज आला, "काय हाय?"

"काकू, सकाळची गोळी खाल्ली?"

"नाही. डबीत ठेवली. तुमालेच विचारणार होती."

सर ओरडलेच, "अवं, तुह्या हातात देली ना मी! काहून नाही खाल्ली?"

"तुमी औषध आणून एवढे खुश कधीच नसता. तवाच म्हटलं, काहीतरी चुकलं!"