हॉरेसने काच कापली

हॉरेस टिंडल हा इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदराच्या गोदीवरचा मासे सोलणारा गडी. अकरा वर्षं बर्फात हात घालून कॉड सोलले. लढाई लागली आणि त्याला नेऊन बसवलं कुठे, तर बॉम्बरच्या शेपटीत. चार मशीनगनच्या मागे, एकटा, पाठमोरा. मागून जर्मन विमान आलं की बोंब ठोकायची, एवढंच काम.

आणि नेमकी तिथेच त्याची अब्रू गेली होती. सरावाच्या उड्डाणात समोरच्या काचेवर तेलाचा शिंतोडा होता. अंधारात हॉरेसला ते विमान वाटलं. तो ओरडला, पायलट डेनिसने बुडी मारली आणि इंजिनिअर टॉमीचं नाक फुटलं. तेव्हापासून जो तो डिवचायचा, "काय हॉरेस, आज कुठला ठिपका?"

आता असल्या माणसाने खऱ्या मोहिमेत हाक दिली तर ऐकणार कोण? आणि नाही ऐकली तर विमानातले सातहीजण खलास.

पहिल्या मोहिमेच्या दुपारी हॉरेस काच पुसून पुसून वैतागला. डाग जावा तर ओरखडा दिसे. "मसणात गेली ही काच!" म्हणाला, आणि त्या प्लास्टिकच्या काचेचा समोरचा अख्खा तुकडा करवतीच्या पात्याने कापून काढला.

देखभालीचे साहेब पार्जिटर तरातरा आले. "टिंडल, सरकारी विमान आहे हे, तुझ्या बापाचं नाही! वर उणे तीस असतं. गोठून मरशील."

"थंडीचं मला सांगू नका, साहेब."

"उद्या सकाळी शिक्षेचा कागद करतो तुझा."

"परत आलो तर खुशाल करा!"

रात्री वर आभाळात थंडीने त्याला जीव नकोसा केला. डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठलं, गाल लाकूड झाले. पण समोर आभाळ कसं लख्ख! बॉम्ब टाकून परतताना त्या आभाळात काहीतरी काळं हललं.

"विमान! डावीकडे बुडी मार, डेनिस!"

कानातल्या फोनमध्ये टॉमी खिदळला. "ठिपका असेल रे."

"अरे गाढवा, काचच नाहीये इथे! ठिपका बसेल कशावर? मार बुडी!"

डेनिसने विमान खाली लोटलं. क्षणभरापूर्वी ते जिथे होते तिथून गोळ्यांची लाल रांग सणसणत गेली. मग हॉरेसच्या चारही बंदुका बोलल्या आणि जर्मन विमान ढगात पळालं.

सकाळी हॉरेस अंडी खात होता. गालाची कातडी काळीनिळी पडलेली, चावतानाही कळ येत होती. पार्जिटरसाहेब कागद घेऊन समोर उभे राहिले.

"कुणाच्या परवानगीने कापलीस?"

"कुणाच्याच नाही. करा ना तुमचा कागद! साक्षीला माणसं लागतील, तर सहाजण झोपलेत बराकीत. घोरतायत. उठले की बोलवा त्यांना."

साहेबांचं पेन कागदावर थांबलं.

"आणि नवी काच बसवलीत," हॉरेस म्हणाला, "तर तीही कापीन. हेही लिहून घ्या."