दोमितिला अजून इथंच आहे

लोमा लार्गा गावात एखाद्याची बायको घरात दिसली नाही, तर तो शेजारी विचारायला जात नसे. आधी अंगणात येई आणि मान वर करून टेकाडाकडे बघे. टेकाडावर दोमितिलाचं घर होतं. तिच्या चुलीचा धूर दिसला की त्याचा जीव भांड्यात पडे. "दोमितिला अजून इथंच आहे," असं स्वतःशी म्हणून तो बायकोच्या नावानं बोटं मोडत तिला शोधायला निघे.

याला कारण प्रार्थनाघरातलं कापड. समोरच्या भिंतीवर टांगलेलं ते भलंमोठं कापड चिकिमुला शहरातल्या, बसगाड्या रंगवणाऱ्या माणसाकडून करून घेतलं होतं, त्यामुळे बायबलाच्या प्रकटीकरणातल्या सात डोक्यांच्या श्वापदाला बसच्या मागच्या वाघाचे डोळे आले होते. डाव्या अंगाला सोन्याच्या डोक्याचा आणि मातीच्या पायांचा दानीएलच्या पुस्तकातला पुतळा. मधोमध कर्णा वाजवणारा देवदूत आणि पांढऱ्या कपड्यांत वर चाललेली माणसं. उजवीकडे मागे राहिलेल्यांचे हाल, आणि तिथं रंगाऱ्यानं मुळीच कंजुषी केली नव्हती. पास्टर एलिसेओ पेरूच्या काठीनं एकेक चित्र दाखवत आणि सांगत, की कर्णा केव्हाही वाजेल. आजसुद्धा. तयार असलेली माणसं डोळ्याचं पातं लवायच्या आत नाहीशी होतील आणि बाकीची हात चोळत बसतील.

एका रविवारी सांगण्याच्या भरात ते म्हणून गेले, "आज कर्णा वाजला तर माझं काय होईल मला ठाऊक नाही. पण एर्माना दोमितिलाचं अंथरूण रिकामं सापडेल, एवढं मी लिहून देतो." प्रार्थनाघरात सगळे एकमेकांना एर्मानो, एर्माना म्हणजे भाऊ, बहीण म्हणत. दोमितिला तिसऱ्या बाकावर बसली होती. तिचे कान लाल झाले. पास्टर मनाचे फार चांगले होते, पण कुणाची स्तुती करताना माणसानं जरा मागचापुढचा विचार करावा. त्या दिवसापासून गावाला एक माप सापडलं आणि दोमितिलाच्या पायात बेडी पडली.

शाळेतून आलेल्या पोरांना आई दिसली नाही, की ती रडत टेकाड चढत. दोमितिला त्यांच्या हातात मीठ चोळलेली गरम तोर्तिया, मक्याची भाकरी, ठेवी. "मी आहे ना अजून? मग रडायला काय झालं? नाक पूस आणि घरी जा," असं म्हणून परत पाठवी. साबणाच्या वेष्टनावरच्या काळ्या रेघा म्हणजे श्वापदाचा शिक्का, अशी आवई उठली तेव्हा बायका तिलाच विचारायला आल्या. तिनं कात्री घेतली, रेघा कापल्या आणि चुलीत टाकल्या. मग सगळं गाव दुकानातच कात्र्या घेऊन उभं राहू लागलं, आणि दुकानदार हात जोडून म्हणू लागला, की आधी पैसे द्या आणि मग काय हवं ते कापा.

चेमा नावाचा गावचा दारुडा होता. तोसुद्धा झिंग उतरल्यावर तिच्या कुंपणापाशी येऊन उभा राही. "आहात ना, एर्माना?" "आहे रे बाबा. कॉफी घे." एवढंच बोलणं. पण त्याला तेवढं पुरे.

सगळ्यांना वाटे, दोमितिला म्हणजे धुतलेला तांदूळ. तिचं तिला ठाऊक होतं. तिला एक सख्खी बहीण होती. चोना. चोना एस्किपुलासला राही आणि काळ्या ख्रिस्ताच्या देवळासमोर मेणबत्त्या विकी. आता पास्टरांच्या कापडावर श्वापदाच्या पाठीवर एक किरमिजी वस्त्रांतली बाई बसलेली होती. ती म्हणजे बाबेल नावाची वेश्या, आणि बाबेल म्हणजे मूर्ती पुजणारी जुनी कॅथलिक मंडळी, असा पास्टरांचा अर्थ होता. त्या हिशेबानं एस्किपुलास हे त्या बाईचं माहेरच. आई गेली तेव्हा चोना आली होती. तिनं आईच्या उशाशी चार मेणबत्त्या लावल्या. दोमितिला तेव्हा नवीनच प्रार्थनाघरात जाऊ लागली होती, आणि नव्या मुल्लाची बांग जरा मोठीच असते. सगळ्या बायकांदेखत तिनं त्या मेणबत्त्या फुंकल्या आणि म्हणाली, "वेश्येचा माल माझ्या आईच्या उशाशी नको." चोनानं मेणबत्त्या वेचून शालीत बांधल्या आणि आईला मूठमाती द्यायलाही न थांबता निघून गेली.

त्यानंतर दोघींचं बोलणं नाही. दोमितिला कापडाकडे बघे तेव्हा तिची नजर देवदूतावर ठरत नसे. ती त्या किरमिजी बाईकडे जाई. रंगाऱ्याला काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण त्या बाईचं नाक हुबेहूब चोनाचं होतं.

जानेवारीत, यात्रेच्या ऐन गर्दीत, बसच्या पोऱ्यानं निरोप आणला. चोना अंथरुणाला खिळली आहे, पोट फुगलंय, जवळ कुणी नाही. दोमितिलानं कुणालाच सांगितलं नाही. पास्टरांना विचारावं तर त्यांना नाही म्हणावं लागलं असतं. न विचारता गेल्याचं कळलं तर मागच्या बाकावर बसवून प्रभुभोजन बंद केलं असतं. त्याचीही तिला फारशी भीती नव्हती. पण गावाचं काय? चूल पेटली नाही तर पोरं कुणाकडे बघतील? शेवटी तिनं ठरवलं, पहिल्या बसनं जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. घरातला झगा काढून पलंगावर टाकला, चांगला चढवला. प्लॅस्टिकच्या चपला पलंगाखाली सारून बूट घातले. वाचायचा चष्मा उघड्या पवित्र शास्त्रावर तसाच राहिला.

चोना दुकानामागच्या खोलीत पडली होती. पिवळीजर्द. बहिणीला दारात बघून ती हसली.

"आलीस? अगं, तुझा पास्टर तुला जिवंत ठेवायचा नाही."

"त्याला ठाऊक नाही."

"मग चोरून आलीस तर. दोमी, तू लहानपणी गूळसुद्धा चोरून खात नव्हतीस. मीच चोरायची आणि मार तुला बसायचा."

दोमितिलानं तिचे केस धुतले, मक्याची पातळ पेज करून चमच्यानं भरवली, चादर बदलली. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं, की यकृत गेलंय, उन्हाळा निघाला तर नशीब. संध्याकाळी चोनाला ताप भरला आणि परतीची बस राहिली. शेजारणी जपमाळ म्हणायला आल्या तेव्हा दोमितिला कोपऱ्यात गुडघे टेकून बसली. ओठ हलवले नाहीत, पण उठूनही गेली नाही. जे बोलायला आली होती ते मात्र राहूनच गेलं. प्रत्येक वेळी तोंड उघडलं की, "पेज आणखी घालू का?" एवढंच बाहेर पडे. दुसऱ्या दिवशी चोनाच म्हणाली, "जा आता. तुझी बस चुकेल." राहा असं ती म्हणाली नाही. आणि दोमितिला निघाली. वाटभर ती स्वतःवर चिडली होती.

इकडे लोमा लार्गात काय घडलं ते तिला मागाहून कळलं. ती गेली त्या दिवशी धूर दिसला नाही, तेव्हा लोकांना वाटलं बाई उपास करत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन हलली. धक्का लहानच होता, दोनचार कौलं पडली. पण सगळे बाहेर धावले आणि सवयीनं मान वर केली. धूर नाही. चारपाच जण टेकाड चढून गेले. दाराला नुसती कडी. पलंगावर झगा, पलंगाखाली चपलांचा जोड, उघड्या शास्त्रावर चष्मा. माणूस कपड्यांतून निसटून वर जावं तसं सगळं जागच्या जागी. लोकांची पाचावर धारण बसली. कुणीतरी पास्टरांना बोलावून आणलं. पास्टरांनी त्या चपलांकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि मटकन खाली बसले.

मग जे व्हायचं ते झालं. एकानं शेजाऱ्याच्या हद्दीचा दगड सरकवल्याचं रडत कबूल केलं. एका बाईनं दुसरीची टर्की परत आणून दिली. वास्तविक त्या दुसरीला ती हरवल्याचंही ठाऊक नव्हतं. पास्टर म्हणाले, मागे राहिलेल्यांनाही दार पुरतं बंद झालेलं नाही, चला, डोंगरावर जाऊन दया मागू. सगळं गाव होतं तसं निघालं. चेमालाही दोघांनी बखोटीला धरून नेलं.

दोमितिला बसमधून उतरली तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकान उघडं, दुकानदार नाही. प्रार्थनाघर उघडं, आत कुणी नाही. पास्टरांच्या घरी चुलीवर घेवडा जळून भांडं काळं झालं होतं. तिनं दोन हाका मारल्या. कुत्रं भुंकलं. तिला उमगलं. कर्णा वाजला होता, आणि ती त्या वेळी बाबेलात बसून पेज ढवळत होती.

तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं, हे ती पुढे कधी लपवत नसे. चेमा तरी मागे राहिलाच असेल, म्हणून ती त्याच्या झोपडीकडे गेली. झोपडी रिकामी होती. बाटली आडवी, निजायची झोळी रिकामी. तिला हसू फुटलं आणि डोळ्यांना पाणीही आलं. चेमालासुद्धा नेलं! देवाचं मन त्या कापडापेक्षा बरंच मोठं निघालं तर. ती सगळ्या गावातून फिरली आणि कुणीच मागे राहिलेलं नाही हे बघून तिला फार बरं वाटलं. एखाद्या आईला सगळी पोरं जेवून झोपली की वाटतं तसं. मग ती घराघरात शिरली. चुलीवरची भांडी उतरवली, निखाऱ्यांवर पाणी मारलं, बांधलेल्या शेळ्या सोडल्या, कोंबड्यांपुढे मका टाकला. आता हे सगळं बघायला तिच्याशिवाय होतं कोण?

काम संपल्यावर ती रस्त्याच्या कडेला बसली. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. किती वर्षांनी असं झालं होतं. कोणाला धीर द्यायचा नव्हता, कोणासाठी चूल पेटवायची नव्हती. जगाचा शेवट झाल्यावर माणसानं जावं कुठं? तिला फार विचार करावा लागला नाही. चोनाही मागेच राहिली असणार. पिवळीजर्द, एकटी. दोमितिला उठली, बोचकं काखेत मारलं आणि एस्किपुलासच्या दिशेनं चालू लागली.

डोंगरावरून उतरणाऱ्या लोकांना ती वळणावर दिसली. आधी सगळे थबकले. मग चेमा ओरडला, "आहात ना, एर्माना?"

तिनं मागे वळून बघितलं. अख्खं गाव, धुळीनं माखलेलं, रडून डोळे सुजलेलं. तिलाही काही सुधरेना. "तुम्ही सगळे इथं कसे?" ती म्हणाली. बायका धावत आल्या, तिच्या दंडांना चाचपून बघू लागल्या. कुणी हसायला लागलं, कुणी रडायला. ज्या बाईनं टर्की परत केली होती ती मात्र जरा गप्पच होती.

पास्टर पुढे आले. "एर्माना, होतात कुठं तुम्ही?"

शेतावर गेले होते, असं सांगता आलं असतं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, आणि उद्या पुन्हा सगळं होतं तसं चालू झालं असतं. दोमितिलानं बोचकं खाली ठेवलं.

"एस्किपुलासला. माझ्या बहिणीकडे. ती मरायला टेकलीय. तिथं जपमाळ चालली होती आणि मी गुडघे टेकून बसले होते. पास्टर, आईच्या वेळी मी तिला जे बोलले ना, ते कुणी शत्रूला बोलणार नाही. आणि तुम्ही मला तिसऱ्या बाकावरून स्वर्गात बसवलंत. मी तसली नाही. माझ्याकडे बघून तुम्ही आपले जीव मोजू नका. मी आता तिच्याकडे चाललेय, आणि ती असेपर्यंत तिथंच राहणार."

सगळे पास्टरांच्या तोंडाकडे बघत होते. पास्टरांनी टोपी काढून घाम पुसला.

"आज सकाळपासून मी मागे राहिलेलाच माणूस आहे, एर्माना," ते म्हणाले. "मी तुम्हाला काय शिक्षा करू?" आणि त्यांनी वाकून तिचं बोचकं उचललं. चेमा रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला, म्हणून बस थांबली. एरवी ती तिथं थांबत नसे.

एस्किपुलासला पोचेपर्यंत देवळासमोरची दुकानं आवरत आली होती. चोना जागीच होती.

"काय विसरलीस गं?"

दोमितिला पलंगाच्या कडेवर बसली. या वेळी तिनं पेजेचं नाव काढलं नाही. आईच्या मेणबत्त्या विझवल्या ते चुकलं, असं ती म्हणाली. वेश्या म्हणाले ते त्याहून चुकलं. मग तिनं रिकाम्या गावाचं, चेमाच्या झोपडीचं, सोडलेल्या शेळ्यांचं सगळं सांगितलं. चोना इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं.

"एवढं एक वाक्य बोलायला तुला जगाचा शेवट व्हावा लागला, दोमी," ती म्हणाली, आणि कण्हत कण्हत भिंतीकडे सरकून तिनं बहिणीला निजायला जागा करून दिली.